नव्या संपादकांसोबतचा आजचा दिवस

आज दिवसभर विकिपीडियावर पहिल्यांदाच लिहिणाऱ्या लोकांसोबत बसले होते आणि अजून डोक्यात तेच चालू आहे. २००१ पासून हा ज्ञानकोश लोकच लिहितायत, पण ते लिहायला शिकतात कसं हे जवळून बघायला खूप भारी वाटतं. सुरुवात धूळपाटीवर होते, म्हणजे सरावाचं पान, तिथे काहीही करून बघा, कुणाचं काही बिघडत नाही.

बटणं, कोडिंग वगैरे तासाभरात जमतं. खरं शिकायचं असतं ते लिहिण्याचं. एकीने तिच्या आवडत्या गायिकेवर लिहिताना "महान", "अजरामर आवाज" असं लिहिलं, मग आम्ही विचारलं की हे कोण म्हणतंय? ती शोधत बसली आणि शेवटी विशेषणं काढून कुठला पुरस्कार, कुठल्या वर्षी, संदर्भ काय, एवढंच ठेवलं, आणि खरं सांगते, त्या दोन साध्या ओळींतून ती गायिका जास्त मोठी दिसली. स्वतःला माहितीये म्हणून लिहायचं नाही, छापून आलेला विश्वासार्ह स्रोत हवा, आणि दुसरीकडचा मजकूर जसाच्या तसा चिकटवायचा नाही, तो कॉपीराइटचा भंग होतो.

कुणीतरी आपली ओळ उडवली की नवखा माणूस दुखावतो (साहजिकच आहे!), अशा वेळी इतिहास टॅबमध्ये कारण वाचायचं आणि चर्चा पानावर शांतपणे विचारायचं, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवायलाच हवं. बरेच चांगले लोक इथेच सोडून जातात.

आज एकाने फक्त शुद्धलेखन दुरुस्त केलं. तेही संपादनच आहे, त्याला पुढच्या वेळी नक्की बोलावणार.