“बंद करूनच आणा”

फोन खानापूर तालुक्यातल्या एका गावातून होता. मुलगा पुण्यात नोकरीला, रजा संपत आलेली. “मॅडम, आप्पांची दारू बंद केलीय. आता तरी वृद्धाश्रमवाले घेतील न्हवं?”

बेळगावातल्या एका दवाखान्यात मी समाजसेविका आहे. असले फोन नेहमीचेच. विचारलं, “कधीपासून बंद?”

“परवापासून. टेट्रा पॅक होते तेवढे सगळे ओतून टाकले. हात कापताहेत, ते ठीक आहे. पण रात्रभर म्हशी सुटल्या म्हणून ओरडत होते. आमच्यात आता म्हशी कुठल्या?”

म्हटलं, “वृद्धाश्रम राहू दे, आधी गाडी काढ.”

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते, भास होतात. सत्तरीच्या माणसाचा त्यात जीवही जातो. आप्पा आले ते घामानं चिंब. डॉक्टरांनी ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. अशा पेशंटला तो क्रम चुकला तर मेंदूला धोका. त्यांच्या बंडीच्या खिशात झोपेच्या गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली. ही गोळी म्हणजे दारूची सख्खी बहीण, तीही एकाएकी तोडली की असाच त्रास, आणि मुलानं नकळत दोन्ही एकदम तोडलेल्या.

आप्पा सावरल्यावर शोधाशोध. वृद्धाश्रमांचं उत्तर एकच: पिणारा नको, बंद करूनच आणा. व्यसनमुक्ती केंद्रांना एवढ्या वयाचा, त्यात साखर असलेला माणूस नको. रात्री डॉक्टर नसतो, त्यांचंही खोटं नाही. माझा राग त्या “बंद करूनच”वर. कुणाच्या देखरेखीखाली, हे कोणी सांगत नाही. मुलाला ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि व्यसनमुक्तीची १४४४६ लिहून दिली. हे नंबर त्याला आधी मिळायला हवे होते.

शेवटी जमलं ते असं: शहरात आप्पांच्या बहिणीच्या शेजारी भाड्याची खोली, धारवाडच्या डिमहान्स या मानसोपचार संस्थेची औषधं, औषधांचा डबा बहिणीकडे कुलपात, आणि दिवसभर एक बाई. एजन्सीनं पाठवलेली पहिली बाई फक्त कन्नड बोलणारी. आप्पांनी मलाच सुनावलं, “बाई ठेवा, व्हय. पण मराठी कळणारी ठेवा. मी शिव्या दिल्या तर तिला समजायला नको?”

दुसरी बाई निपाणीची मिळाली. ती उलट शिव्या देते म्हणे.