साठ दिवसांचा टोमॅटो

टोमॅटोच्या रोपांसाठी आमच्याकडे फोन करणाऱ्या बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात. "सगळ्यात लवकर कुठलं येतं?" आणि "गोड आहे ना?" दोन्हींना एकाच रोपाकडे बोट दाखवून "हे न्या" म्हणायचं, असा धंदा आम्ही पहिली दोन वर्षं केला. तो का सोडला, ते सांगतो.

नर्सरी मूळची वडिलांची. गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून मोटरसायकलवर वीस मिनिटं. आण्णा आधी गादीवाफ्यावर आणि नंतर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये रोपं करायचे, शेतकरी हजारांच्या हिशेबात न्यायचे. त्या बाजारात टोमॅटोची परीक्षा वेगळी असते. साल जाड हवी, क्रेटमध्ये वरच्या ओझ्याखाली दबू नये, लांबच्या गाडीत टिकावा. चव कशी, हे आम्हाला कधी कोणी विचारलं नाही. २०१४ च्या अखेरीस पुणे भागात टुटा ही पानं पोखरणारी नवी नागअळी आली आणि आमच्या भागातले बरेच जण टोमॅटो लावायला कचरू लागले. ट्रे शिल्लक राहू लागले. तेव्हा मी आणि बायकोने चेरी टोमॅटोची रोपं कुंडीसाठी पुण्यात विकायचं ठरवलं. आण्णा म्हणाले, "करा आता गोट्यांची शेती."

पहिल्या हंगामात चौदा वाण लावले. जितकी यादी लांब तितकं गिऱ्हाईक जास्त, असं वाटलं होतं. बियाण्याच्या पाकिटावर जे छापलेलं असेल तेच आम्ही कार्डावर उतरवायचो: '६० दिवस', 'अतिगोड'. डिसेंबरात कोथरूडच्या एका बाईंचा फोन आला. "दादा, आज पंच्याहत्तरावा दिवस आहे आणि झाडावर हिरव्या गोळ्या आहेत. तुमचं कॅलेंडर वेगळं आहे का?"

चूक आमची होती. पाकिटावरचे दिवस बहुतेक वेळा लागणीपासून, म्हणजे रोप लावल्यापासून मोजलेले असतात, त्या बाईंनी बी टोकल्यापासून मोजले. ट्रेमधले पंचवीस-तीस दिवस कार्डावरच्या साठात धरायचेच राहिले. शिवाय तो आकडा उघड्यावरच्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या झाडाचा. बाल्कनीत तीन तास ऊन येत असेल तर झाड उंच होतं, फूल उशिरा येतं, आणि फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला सहा आठवड्यांच्या आसपास लागतात ते वेगळेच. मी त्या बाईंना हे समजावलं, पण विक्रीनंतर. आधी सांगायला हवं होतं.

मग आम्ही लवकर येणाऱ्यांच्या मागे लागलो. मायक्रो-टॉम नावाचा वाण आणला. वीतभर उंचीचं झाड, चहाच्या कपात मावेल असं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात तो शोभेसाठी तयार झाला, आज जगभरच्या प्रयोगशाळांत अभ्यासाला वापरतात. आमच्याकडे सगळ्यांच्या आधी लाल झाला. मुलाने एक तोंडात टाकला आणि म्हणाला, "बाबा, पाणी आहे."

त्याच आठवड्यात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली गोडी मोजायचं यंत्र घेतलं. द्राक्ष बागायतदारांकडे असतं तेच. रसाचा थेंब काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून ब्रिक्सचा आकडा वाचायचा; आकडा जास्त तितकी गोडी जास्त. बाजारातला टोमॅटो साडेचार ब्रिक्स, मायक्रो-टॉम पाच-सव्वापाच. त्याच वाफ्यातला सनगोल्ड नावाचा केशरी चेरी, जपानी पैदाशीचा, साडेआठ. एकदा नऊ.

एवढा फरक का? साखर पानांत तयार होते. ठेंगण्या झाडाला पानं थोडी, त्यात फळं एकदम धरतात. घर लहान आणि खाणारी तोंडं दहा. वेलासारखं वाढत जाणारं झाड उशिरा सुरू होतं, पण एकेका घोसाला पुरेशी पानं मिळतात. लवकर आणि गोड यांत थोडी ओढाताण असतेच. बियाणं विकणारा हे पाकिटावर कशाला छापेल?

सनगोल्ड हे त्या ओढाताणीतलं बरंचसं बसलेलं गणित. लागणीनंतर साठ-पासष्ट दिवसांत पहिला तोडा, आणि गोडी भरपूर. पण साल इतकी पातळ की जरा पाणी जास्त झालं की तडकतो. आम्ही त्या काळात पुण्यातल्या एका हॉटेलला डब्या द्यायचो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, आदल्या दिवशी तोडलेली फळं सकाळपर्यंत डबीतच फुटली. माल परत आला, गाडीभाडं आमच्या अंगावर. तेव्हापासून हॉटेलला द्राक्षासारखी लांबट, जाड सालीची जात देतो. गोडी थोडी कमी, पण चार दिवस टिकते. सनगोल्ड फक्त घरी तोडून लगेच खाणाऱ्यांना.

आणि बी धरू नका, हे सांगायलाही आम्ही उशीर केला. तो संकरित आहे. एका काकांनी हौसेनं बी वाळवून पुढच्या वर्षी लावलं तर काही लाल आले, काही आंबट. त्यांना वाटलं, आम्ही फसवलं. (माझी नागपूरची मावशी टोमॅटोला भेदरं म्हणते आणि ओट्यावरचं गावठी बी वर्षानुवर्षं धरते. तिला संकरित समजावताना माझी पुरती दमछाक झाली.)

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यात फळांवर रंगाचे डाग पडू लागले, कितीतरी प्लॉट उपटावे लागले. त्यानंतर रोपं ४० मेशच्या, म्हणजे किडी आत येऊ नयेत अशा बारीक विणीच्या जाळीत करतो. खर्च वाढला, पण रोग पसरवणारा मावा आणि पांढरी माशी कमी झाली.

आता चौदाचे तीन वाण उरलेत. फोन आला की आधी आम्हीच विचारतो: बाल्कनी कुठल्या दिशेला, ऊन किती तास, झाड बांधायला जागा आहे का? ऊन कमी असेल तर ठेंगणं द्यायचं, आणि चव साधी राहील हे तोंडावर सांगायचं. काही जण त्यावर फोन ठेवतात. ठेवू देत. रोपांची गाडी गणपतीनंतर काढतो, म्हणजे फळ थंड रात्रींत पिकतं. मार्चात लावलेल्या झाडाचं फूल पस्तीस अंशाच्या पुढे गळायला लागतं, म्हणून फेब्रुवारीनंतर ऑर्डर घेत नाही. नको म्हणणं आण्णांना अजून पटलेलं नाही.

यंदा जाळीत दोन नवे वाण टॅग लावून ठेवलेत. सात नंबरला दसऱ्याच्या आधीच घोस धरला, सनगोल्डच्या आठ दिवस अगोदर. काल तिसऱ्यांदा रस काढून पाहिला. सहाच्या वर जात नाही. विक्रीला काढलेला नाही.