मालक न झालेल्यांच्या वतीने

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत 'शाळेने घडवलेले उद्योजक' असा एक विभाग आहे, त्यासाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. यादीत माझं नाव कसं गेलं कळेना. फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान आहे ते माझ्या थोरल्या भावाचं. तोही याच शाळेचा. मी रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला, मेंटेनन्समध्ये. पगार, पीएफ, ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस. उद्योजक म्हणावं असं माझ्याकडे काही नाही. तसं फोनवर सांगितलं, तर समितीतले सर म्हणाले, "मग तेच लिहा." म्हणून लिहितो.

मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. आता तिथे मोडकी बाकं आणि गणपतीच्या मखराचं सामान असतं. आमच्या वेळी तिथे आयबीटी, म्हणजे 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी' हा विषय चालायचा. नव्या मुलांसाठी थोडं सांगतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ती नोकरी सोडून ते आपल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या दुष्काळी गावात येऊन राहिले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकणं हीच माणसाची खरी रीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय आला, तेच हे आयबीटी. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग. शिकवायला शक्यतो गावातलेच जाणकार कारागीर, त्यांना निदेशक म्हणायचं. आणि मुलांनी गावाची कामं करायची ती पैसे घेऊन. आमच्या आजोबांना हे शेवटचं अजिबात पटलं नव्हतं. शाळेत पोरांना धंदा शिकवतात का, असं ते मास्तरांना भेटून विचारून आले होते.

अभियांत्रिकीचे निदेशक म्हणजे आमचे मामा. गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायचे. शिक्षण जेमतेम, पण लोखंडाचं वजन तोंडी काढायचे. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा, मीटरला किती किलो ते आलं. दहा एमएमची सळई मीटरला 0.617 किलो. गणिताच्या सरांनी एकदा शेडमध्ये येऊन हे 162 कुठून येतं ते सोडवून दाखवलं. पाय (π) घेतला, लोखंडाची घनता घनमीटरला 7850 किलो घेतली आणि उत्तर जुळलं. मामा मागे उभं राहून ऐकत होते. "म्हंजे मी बरोबर होतो," एवढंच म्हणाले.

शेडच्या दाराला ऑर्डरवही टांगलेली असायची. कुणाला खुरप्याला दांडा हवा, कुणाला कोंबड्यांची जाळी, कुणाच्या घरी बटण बसवायचं. त्यातली एक तिवई मला अजून आकड्यांसकट आठवते. पाण्याच्या हंड्यासाठी होती. वरचं कडं 24 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे 75 सेंटिमीटर सळई. तीन पाय 45 चे. खाली आवळायला लहान कडं, त्याला 66. सगळी मिळून 2.76 मीटर, वजन 1.7 किलो. त्यावर तुकडे वाया जाणार ते, वेल्डिंगचे रॉड, रेड ऑक्साइड, वरचा रंग. विजेचा अंदाज मामांना चालत नसे. काम सुरू करण्याआधी मीटरचं रीडिंग, संपल्यावर रीडिंग, वजाबाकी कागदावर. मशिनचा घसारा वेगळा. आणि शेवटी मजुरी.

काकू तिवई न्यायला आल्या आणि किंमत ऐकून म्हणाल्या, "बाजारात यापरीस स्वस्त मिळती." आम्ही मामांकडे पाहिलं. मामा ग्राइंडर पुसत बसले. भाव ज्याने काढला त्यानेच सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता. मग आमच्यातल्या एकाने कागद वाचून दाखवला. काकूंनी लोखंड मान्य केलं, रंग मान्य केला, वीजसुद्धा मान्य केली. मजुरीवर गाडी अडली. "शाळंतल्या पोरांना कसली रं मजुरी?"

तो म्हणाला, "काकू, तुमचा कांदा खुरपायला आलो असतो तर दिली असती का नाही?"

काकू हसल्या, पैसे दिले, आणि वर रंगाचा एक हात जास्तीचा मारून घेतला. तो मुलगा आज दूध संकलन केंद्र चालवतो. स्वतःच्या कष्टाला किंमत लावताना जीभ अडखळली नाही, की अर्धा धंदा जमला. उरलेला अर्धा उधारी वसूल करण्यात जातो, तो कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

ही झाली भावाची आणि त्याच्यासारख्यांची बाजू. व्यासपीठावर त्यांचा सत्कार होईल आणि तो व्हायलाच हवा. पण त्याच शेडमध्ये आणखी एक गोष्ट शिकवली गेली, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण ती शिकलेले आम्ही कुणाच्या तरी हाताखाली काम करतो.

मोठ्या बाई मुख्याध्यापिका असताना त्यांनी नियम केला होता. शाळेतली एखादी गोष्ट सुधारावी असं वाटलं, तर आयबीटीच्या मुलांनी अर्ज द्यायचा. अर्ज एका पानाचा. काय बिघडलंय, त्यापायी शाळेचा आत्ता किती खर्च होतो, दुरुस्तीला किती लागेल. आणि खाली चौथा प्रश्न: यामुळे कुणाचं काम वाढेल? पहिली तीन उत्तरं कितीही चांगली असोत, चौथं कोरं असेल तर बाई अर्ज परत पाठवायच्या.

वर्गातल्या मुलींनी पाण्याच्या टाकीसाठी असा अर्ज केला. टाकी भरून वाहायची, भिंतीला ओल यायची. ऊर्जा विभागात त्यांनी दोन तारा, एक ट्रान्झिस्टर आणि बझर जोडून भोंगा केला होता. पाणी वर तारांना टेकलं की भोंगा वाजणार. खर्च किरकोळ. चौथ्या प्रश्नाला त्यांनी लिहिलं, 'कुणाचंही नाही'. अर्ज परत! बाईंनी शेरा मारला, 'शिपाईकाकांना विचारून लिहा'. काकांना विचारल्यावर कळलं की भारनियमनामुळे मोटर नेमकी मधल्या सुट्टीच्या सुमारास सुरू होते आणि तेव्हा काका घंटेपाशी असतात. मोटरचं बटण विहिरीकडच्या खोलीत. भोंगा वाजला तरी घंटा सोडून धावणार कोण? मग मुलींनी अर्ज बदलला. बटणाची वायर घंटेच्या खांबापर्यंत ओढायची, तिचा खर्च वाढवला, आणि काकांची सही घेतली. भोंगा बसला. नंतर काकाच तो पाहुण्यांना दाखवायचे, जणू त्यांनीच केला होता. मुलींना याचा राग यायचा. बाई म्हणायच्या, येऊ दे, पण मोटर बंद होतेय ना?

कंपनीत लागल्यावर मला हे सगळं कामी आलं. आमच्याकडे प्रेस शॉप आहे, मोठ्या यंत्रांनी पत्रा दाबून त्याला आकार द्यायचा विभाग. डाय, म्हणजे यंत्रातला साचा, बदलायची तर क्रेनची वाट बघत बसायचं. क्रेन दुसऱ्या लाइनवर असली की ऑपरेटर बिडी प्यायला जाणार. मी एक ट्रॉली सुचवली. प्रेसमध्ये डाय ज्या पाटावर बसते त्या बोल्स्टरच्या उंचीची, वर रोलर, पुढची डाय आधीच तिच्यावर तयार. जुनी सरकवायची, नवी ढकलायची. वजन आणि सळईचं गणित मामांचंच, फक्त सळईऐवजी चॅनेल आलं. पण कायझेन शीट, म्हणजे सुधारणा सुचवायचा कंपनीचा कागद, भरण्याआधी मी चौथा प्रश्न विचारत फिरलो. स्टोअरवाल्याला स्क्रॅपचं चॅनेल द्यायला कागद हवा होता. सेफ्टीवाल्याला चाकांना ब्रेक हवा होता. कंत्राटी मुलांना भीती होती की क्रेनवरचा एक माणूस कमी करतील. ती भीती खरी होती, म्हणून त्या माणसाला ट्रॉलीवर घ्यायचं, हे शीटमध्येच लिहिलं. आधीच्या एका साहेबांनी हा कागद बरेच महिने टेबलाच्या खणात ठेवला. नंतरचे साहेब आले, त्यांनी चार दिवसांत सही केली. असंही होतं.

पुढे कंपनीने एका प्रशिक्षणाला पाठवलं, तिथे कळलं की नोकरीत राहूनच उद्योजकासारखं डोकं चालवण्याला इन्ट्राप्रेन्युअरशिप म्हणतात. तिथे टोयोटाचं उदाहरण दिलं. कामगारांच्या सूचना घेण्याची पद्धत त्यांनी 1951 मध्ये सुरू केली. हजार टनी प्रेसची डाय बदलायला त्यांना चार तास लागायचे, ते शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याच्या मदतीने आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले. आमची ट्रॉली त्यापुढे किस झाड की पत्ती. तरी ऐकताना बरं वाटलं.

बक्षीस म्हणून मला प्रमाणपत्र आणि स्टीलचा डिनर सेट मिळाला. कंपनीचे किती वाचले ते मला माहीत आहे, त्यामुळे डिनर सेट काढला की बायको हसते. भाऊ म्हणतो, हीच अक्कल स्वतःच्या धंद्यात लावली असतीस तर? त्याचं खोटं नाही. पण प्रेस शॉप उभं करायला लागणारं भांडवल आमच्या सात पिढ्यांत नव्हतं. मोठ्या यंत्रांवर डोकं चालवायचं तर आमच्यासारख्यांना दुसऱ्याच्याच कारखान्यात जावं लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, त्याआधी तेही किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. नांगर त्यांचा नव्हता, कारखानाही नाही. शेतकऱ्याशी कसं बोलावं ते मात्र त्या हिंडण्यात त्यांना पक्कं कळलं असणार.

आता सगळीकडे उद्योजकता शिकवायची लाट आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2019 मध्ये त्याचा तास सुरू झाला, मोठ्या मुलांना दोन हजार रुपये बीजभांडवलही दिलं गेलं. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून-बनवून बघायच्या प्रयोगशाळेसाठी, शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान दिलं गेलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस आहेत. सगळं चांगलंच आहे. माझी तक्रार एवढीच, की जिथे पाहावं तिथे मुलं व्यासपीठावर पाहुण्यांसमोर कल्पना मांडताना दिसतात. पाहुणे टाळ्या वाजवतात. काकू टाळ्या वाजवत नाहीत, मजुरी कसली ते विचारतात. आणि शिपाईकाकांची सही तर कुठल्याच स्पर्धेत मागत नाहीत.

शाळेला देणगी काय द्यायची यावर आमच्या बॅचच्या ग्रुपवर बरीच चर्चा झाली. कमानीला नाव लावायचं बहुमताने बारगळलं. ठरलं ते असं. शेडचा पत्रा भाऊ बदलून देईल. वेल्डिंग मशिन, ग्राइंडर आणि बेंच व्हाइस बाकीचे मिळून घेतील. दर शनिवारी आमच्यातला एक जण येऊन बसेल, पाळ्या लावल्या आहेत. मामा थकले आहेत, पण खुर्ची टाकली तर येईन म्हणालेत. दाराला वही टांगायची आणि कामं घ्यायची, पैसे घेऊन. शेडचं वीज कनेक्शन मात्र कधीच तोडलंय, ते नव्याने घ्यावं लागेल. त्याचा अर्ज एका पानात भरून कार्यालयात दिला आहे. चौथ्या प्रश्नाखाली लिहिलंय, 'क्लार्क बाईंचं, महिन्याला एक बिल भरण्याइतकं', आणि त्यांची सही घेतली आहे. मुख्याध्यापकांची तेवढी बाकी आहे.