‘पातळ्या तपासून सादर करणे’

भुयारी गटाराची आमची फाइल किनाऱ्याच्या परवानगीसाठी गेली आणि तीन वेळा परत आली. तिन्ही वेळा शेरा एकच: ‘पातळ्या तपासून सादर करणे.’ कोणत्या पातळ्या, कुठल्या नकाशावरच्या, कशाशी जुळत नाहीत, यावर एक अक्षर नाही. प्रत्येक फेरीला सहा-सात आठवडे गेले. आज गटार सुरू आहे, तरी तो शेरा आठवला की डोकं तापतं.

मी या योजनेत आराखड्याच्या बाजूला होतो. लोकसंख्येचा अंदाज, गल्ल्यांची मोजणी, निविदा हे सगळं पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी अडचण गाव सपाट असल्याची. मैलापाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर वेगाने धावलं पाहिजे, नाहीतर वाळू नळीच्या तळाशी बसते. त्यासाठी 200 मिमीच्या नळीला आम्ही 250 मीटरला 1 मीटर ढाळ धरला. म्हणजे किलोमीटरभर गेलं की नळी 4 मीटर खाली, आणि समुद्रकाठी तेवढ्यात जमिनीतलं पाणी कधीच लागलेलं असतं. म्हणून मधे पंपिंग स्टेशन हवं. सगळ्यात सखल जागा अर्थातच किनाऱ्याला लागून, आणि परवानगीचा फेरा तिथूनच सुरू झाला.

पहिल्यांदा फाइल परत आली तेव्हा आम्हाला वाटलं, रस्त्यांच्या पातळ्या चुकल्या असतील. लेव्हल मशीन आणि पट्टी घेऊन पोरांनी अख्खा किनाऱ्याचा पट्टा पुन्हा मोजला. फरक निघाला दोन-तीन सेंटिमीटरचा. छान नवीन तक्ता जोडून फाइल पाठवली. तोच शेरा. दुसऱ्यांदा चेंबरच्या तळाच्या पातळ्या एकेक करून तपासल्या. परत तोच शेरा. मग मी स्वतः गेलो. टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते, पण म्हणाले, “साहेबांनी लिहिलंय ते मी टाइप केलं. मला त्यातलं काय कळणार?” साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला साहेब बैठकीत. तिसऱ्या खेपेला भेटले, फाइल उघडून म्हणाले, “तुमचं स्टेशन तर पाण्यात आहे,” आणि फोन आला म्हणून उठून गेले.

या एका वाक्यानं मात्र काम झालं. त्या रात्री सगळे नकाशे जमिनीवर पसरले. धक्क्याची सगळ्यात खालची पायरी दोन नकाशांत होती. आमच्या गटाराच्या नकाशावर तिची पातळी 0.90 आणि समुद्रात सोडायच्या नळीच्या नकाशावर 3.10. पायरी तीच, आकडे दोन! समुद्राकडची मोजणी वेगळ्या लोकांनी केली होती. सागरी नकाशाचा शून्य साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पाण्याला धरतात, कारण जहाजाला कमीत कमी किती पाणी मिळेल ते कळायला हवं. जमिनीवर आम्ही सरासरी समुद्रसपाटी धरतो. आमच्याकडे या दोन शून्यांत 2.20 मीटरचं अंतर होतं, आणि दोन्ही आकडे एकाच फाइलमध्ये सुखाने नांदत होते. मोठ्या भरतीचं पाणी सागरी आकड्यात 4.20, स्टेशनची फरशी आमच्या आकड्यात 3.00. कागदावर स्टेशन 1.20 मीटर बुडालेलं, प्रत्यक्षात भरतीच्या वर 1 मीटर.

चूक आमची, हे मान्य. पण ‘दोन नकाशांचा शून्य वेगळा आहे’ एवढं लिहायला शाई किती लागली असती? चौथ्यांदा फाइल परत आली ती दुरुस्त नकाशावर सुधारणा क्रमांक नव्हता म्हणून. तो मी तिथेच खिडकीच्या कठड्यावर फाइल ठेवून हाताने लिहिला, सही केली, आणि जागचा हललो नाही. परवानगी पुढच्या आठवड्यात मिळाली.

तेव्हा पहिल्या बैठकीतच एक शून्य ठरवा आणि प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तो लिहायला लावा. दोन्हीकडून मोजता येईल अशी एखादी पक्की खूण, आमच्या पायरीसारखी, सगळ्या नकाशांत घ्या. बोअर घेताना पाण्याची पातळी ओहोटीला मोजून मोकळे होऊ नका, मोठ्या भरतीलाही मोजा. किनाऱ्याजवळ जमिनीतलं पाणी भरतीबरोबर चढतं, आणि चरातला उपसा त्यावर ठरतो. अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं: रिकामं चेंबर तरंगतं. आमचं एक रात्रीतून हातभर वर आलं, कारण उपशाचा पंप बंद पडला होता आणि भराव बाकी होता. त्यानंतर तळाची स्लॅब भिंतीबाहेर रुंद काढली, म्हणजे वरच्या मातीचं वजन तिला दाबून धरतं.

पंपाच्या लांब नळीत मैला तासन्‌तास पडून राहिला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि समुद्राचं पाणी शिरलं तर त्यातल्या सल्फेटमुळे जास्तच. पुढच्या चेंबरात त्याचं आम्ल होऊन काँक्रीट वरच्या बाजूनं खातं. तिथे आतून प्लास्टिकचं अस्तर द्या, पैसे वाचवू नका. आणि तिथे गॅस मोजल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

गळतीची तपासणी पहाटे 3 वाजता करा. घरं झोपलेली असतात, तरी नळीत भरपूर पाणी दिसलं तर ते जमिनीतून आलेलं. आम्ही भरतीच्या वेळी क्षार मोजायचं छोटं मीटर घेऊन चेंबर-चेंबर फिरलो. सगळीकडे आकडा खाली, धक्क्याजवळच्या एकाच चेंबरात एकदम उसळला. सांध्याची रबरी रिंग वळून बसली होती. ती दोन दिवसांत बदलली, आणि त्यासाठी कुणाचा शेरा लागला नाही.