आघाडीचे तिघे ठरले, सोळावं नाव अडलंय

मागच्या नोंदीत आमच्या गावच्या हॉकी संघाच्या बचावफळीचं सांगून झालं. चार बॅक आणि गोलकीपर ठरले, मधले तिघंही जवळपास पक्के. अडलंय ते पुढे. सोयाबीन निघाल्यापासून आमच्याकडे एकच विषय चाललाय, फॉरवर्ड लाइनचा. सकाळी मैदानावर तोच, नंतर टपरीवर चहा घेताना तोच. तालुक्याच्या स्पर्धेच्या अर्जावर सोळाच नावं घेतात आणि पुढे खेळायला आठ पोट्टे तयार आहेत. आठही मेहनती, त्यामुळे कोणाचं नाव खोडायला हात धजत नाही.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातले. मैदान शाळेमागचं, मुरमाचं, एका अंगाला थोडं उताराचं, पलीकडे पराटीचं (कपाशीचं) वावर. वेचणी सुरू झाली की निम्मे जण घरच्या कामाला जातात, म्हणून सराव सकाळी, गार असतानाच. कोण येणार, कोण नाही हे आदल्या रात्री कळतं, आणि त्यातूनच जोड्या करून पाहायच्या असतात. एक बरं झालं, की यामुळे प्रत्येक जण प्रत्येकासोबत खेळून झालाय.

पहिला वाद संख्येचा. गावातले जुने खेळाडू पाच फॉरवर्डवाले आहेत: दोन विंगा, लेफ्ट-इन, राइट-इन आणि मधोमध सेंटर फॉरवर्ड. आमचे एक काका रोज मैदानाच्या कडेला उभे राहून तेच सांगतात, "पाच झनं समोर असल्याबिगर डीमंदी दाब कसा येईन बाप्पा?" (डी म्हणजे गोलसमोरचं अर्धवर्तुळ.) त्यांच्या बोलण्यात दम आहे. भारतानं कितीतरी वर्षं हाच खेळ खेळून जग जिंकलं. पण ऑफसाइडचा नियम १९९८ पासून गेला. आता समोरचा फॉरवर्ड थेट गोलकीपरच्या पुढ्यात जाऊन उभा राहू शकतो, त्याच्यावर माणूस ठेवावाच लागतो. दोन बॅकवर भागत नाही, चार लागतात. चार मागे, तीन मध्ये, मग पुढे उरतात तीन.

काकांना मी एवढंच म्हटलं, की तुमचे पाचही फॉरवर्ड संघात आहेत, फक्त एका वेळी तिघं आत असतील. खेळाडू कितीही वेळा बदलता येतो. पेनल्टी कॉर्नर (डीत बचाव करणाऱ्यांची चूक झाली की मिळणारी गोलची संधी) मिळाल्यापासून तो संपेपर्यंत तेवढी बदली करता येत नाही, बाकी कधीही. पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये फॉरवर्डनं पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळावं, बाहेर यावं, दम घेऊन परत जावं. त्यामुळे नुसते तिघे निवडून काम होत नाही. तिघे आणि त्यांच्या जागी जाणारे दोघे अशी पाच जणांची साखळी निवडावी लागते, आणि बदलणाऱ्या दोघांना दोन-दोन जागा यायला लागतात.

आता डाव्या बाजूकडे येतो. माझ्या मते सगळी गाठ इथंच आहे.

हॉकीची स्टिक उजव्या हाताचीच. डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नियमात नाही, आणि चेंडू मारायचा तो सपाट बाजूनं किंवा कडेनं, गोल पाठीनं चालत नाही. त्यामुळे मैदानाच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत. उजव्या विंगरचं सगळं सोयीचं असतं. चेंडू उजव्या हाताला, डी डावीकडे, पळता पळता क्रॉस आपसूक निघतो. समोरच्या बॅकला बाहेरून काढलं तर तो जातो त्याच्या डाव्या अंगानं, म्हणजे बॅकच्या रिव्हर्सच्या (स्टिक उलटी फिरवून खेळावं लागतं त्या), कमजोर बाजूनं. डाव्या विंगरचं नेमकं उलट. लाइन धरून पळाला की तो बॅकच्या मजबूत बाजूकडे जातो. तिथून निसटून कोपऱ्यात पोचलाच, तर डी त्याच्या उजव्या हाताला येते. क्रॉस द्यायचा तर चेंडूभोवती पाय फिरवून उभं राहायचं, तोवर बॅक परत येतो. नाहीतर रिव्हर्सनं हाणायचा. टर्फवर (कृत्रिम गवतावर) पोरं रिव्हर्सनं सर्रास हाणतात. मुरमावर स्टिक आडवी करून जमिनीलगत फिरवली की खडा लागतो, कड उचकटते, आणि चेंडू ऐन वेळी उसळी घेतो. स्टिक फुटली तर नवी आणायला महिना जातो, तेव्हा हा फटका मी सरावातही जपूनच मारू देतो.

कॅप्टनचं म्हणणं होतं, "सर, सगळ्यात जोरानं पळनारा डावीकडं टाका. तिथं कठीन हाये, तं पळूनच निंगनं लागते." पहिल्यांदा ऐकताना पटतं. पण करून पाहिल्यावर दिसलं, की तो पोट्टा कोपऱ्यापर्यंत वाऱ्यासारखा जातो आणि तिथं अडकतो. त्याच्या पळण्याचं पुढे काहीच होत नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं. डावीकडून आत वळणारा माणूस हवा. डावा फॉरवर्ड लाइन सोडून उजवीकडे, आत वळला तर दोन गोष्टी एकदम बदलतात. एक, तो बॅकच्या कमजोर बाजूनं जातो. दुसरं, गोल त्याच्या डाव्या हाताला येतो, म्हणजे फोरहँडचा (स्टिक न उलटवता मारायचा) फटका मोकळा. ज्या बाजूनं क्रॉस देणं सगळ्यात कठीण, त्याच बाजूनं आत वळून गोलवर मारणं सगळ्यात सोपं. मग तिथं पळणारा कशाला, गोल करणाराच हवा.

आमचा सगळ्यात चांगला फिनिशर म्हणजे कॉलेजात जाणारा, संत्रेवाल्यांचा पोरगा. तो आजवर मधोमध खेळत आला. त्याला डावीकडे टाकलं तेव्हा दोन दिवस तोंड पाडून होता. सेंटर फॉरवर्डची जागा गेली म्हणजे मान गेला असं त्याला वाटलं असावं. महाराष्ट्रात धनराज पिल्लेंचं नाव ऐकत मोठ्या झालेल्या कोणालाही मधली जागा हवीशी वाटणार, ते मी समजू शकतो. शेजारच्या गावाशी सरावाचा सामना झाला, तेव्हा त्यानं डावीकडून आत येऊन बॅकला असं उभ्या उभ्या सोडलं, की त्यानंतर त्यानं जागेबद्दल विचारलेलं नाही. जोरात पळणारा उजवीकडे गेला, आणि त्याचे क्रॉस आता डीत पडतात.

मधोमध मग कोण? इथं मत बरंच फाटलं. अर्ध्यांना चपळ, छोट्या चणीचा आटाचक्कीवाल्यांचा हवा होता, बाकीच्यांना उंच, जरा संथ असा आमचा डेअरीवाला. मी उंचाच्या बाजूनं होतो आणि आहे. त्याचं कारण सांगायला जरा लांब जावं लागेल.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली भारतानं कांस्य जिंकलं. आठ सामन्यांत भारताचे पंधरा गोल झाले आणि त्यातले दहा एकट्या हरमनप्रीतचे, म्हणजे बॅकचे. संघात फॉरवर्ड पाच होते: मनदीप, अभिषेक, सुखजीत, ललित आणि गुरजंत. पाचांचे मिळून गोल चार. अभिषेकचे दोन, मनदीप आणि सुखजीतचा एकेक. आमच्याकडे एकानं हे ऐकून लगेच म्हटलं, "मंग फॉरवर्ड करत काय होते?" ते पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोक (एकट्या गोलकीपरसमोर मारायचा फटका) कमवून देत होते. डीत शिरायचं, बॅकच्या पायाला चेंडू लागेल अशा जागी न्यायचा, त्याला चूक करायला लावायची. फॉरवर्डला फक्त त्याच्या गोलांवरून मोजलं तर हे सगळं काम वहीत येतच नाही.

म्हणून मी वहीत गोल लिहिणं मागे टाकलं आणि दोन रकाने पाडले: डीत चेंडू किती वेळा नेला, आणि कॉर्नर किती मिळवले. उंच पोट्टा पाठ गोलकडे करून उभा राहतो, चेंडू अडवतो, अंगानं बॅकला मागे धरतो, आणि मग एक तर डावीकडून आत येणाऱ्याला देतो किंवा बॅकच्या पायात घालतो. त्याच्या नावावर गोल थोडे आहेत, पण कॉर्नरच्या रकान्यात तो इतर सगळ्यांच्या फार पुढे आहे. चपळ पोट्टा मधोमध असला की खेळ बघायला सुंदर होतो, चेंडू मात्र डीच्या बाहेरच फिरत राहतो. त्याला मी बदली म्हणून दोन जागांसाठी धरलाय, मध्ये आणि उजवीकडे. थकलेल्या बॅकपुढे तो क्वार्टरच्या शेवटी आला की खरा उपयोगी पडतो.

पाचवा, म्हणजे दुसरा बदली, डावीकडचा. तिथं निवड सोपी झाली, कारण डावीकडून आत वळायची सवय असलेला दुसरा एकच आहे. शिवाय चेंडू गेल्यावर तो पहिला मागे वळतो. समोरच्या संघाला त्यांच्या डीसमोर फ्री हिट मिळाली की आमचे तिघं फॉरवर्ड कुठे उभे राहतात यावर पुढची दोन मिनिटं ठरतात. मधल्यानं सरळ पास बंद करायचा, उजव्यानं आत सरकायचं, आणि त्यांना त्यांच्या उजव्या कडेला ढकलायचं, जिथं आमचा डावा टपलेला असतो. हे काम त्या पोट्ट्याला सांगावं लागत नाही.

तर पाच झाले. कीपर एकच, कारण पॅडची जोडीच एक आहे. (पॅरिसच्या सोळा जणांतही कीपर एकटा श्रीजेशच होता, तेव्हा यात फार बिघडत नाही.) बदलीसकट बॅक पाच, मधले चार. पंधरा भरले. राहिली एक जागा आणि दावेदार तीन.

पहिला, अमरावतीला शिकणारा. हात सुंदर आहे, ड्रिबल पाहत राहावा असा. पण येतो फक्त सुटीत. दुसरा, आमचा सगळ्यात जुना राइट-इन, आता दोन लेकरांचा बाप, जो कधीच सराव चुकवत नाही. तिसरा, दहावीतला, अंगानं बारीक, ज्याच्याकडे अजून कोणी फॉरवर्ड म्हणून बघत नाही.

मी दहावीतल्याच्या बाजूनं आहे, आणि कारण पेनल्टी कॉर्नर हेच आहे. एवढे कॉर्नर मिळवायचे आणि पुश नीट नसेल तर सगळं वाया. चेंडू गोलपोस्टपासून दहा मीटरवर, मागच्या रेषेवर ठेवायचा, तिथून ढकलायचा, डीबाहेर तो थांबवायचा आणि मग फटका. टर्फवर ड्रॅगफ्लिक चालतो. मुरमावर चेंडू स्टिकवर ओढतच येत नाही, त्यामुळे आमचा बॅक सरळ हिट मारतो. पहिलाच फटका हिट असेल तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा वर नको, म्हणजे गोलमधल्या खालच्या फळीच्या उंचीतच. असा खाली, जोराचा फटका बसायला चेंडू थांबवणाऱ्याकडे सरळ आणि न उसळता यावा लागतो. तसा पुश त्या दहावीतल्याच्याच हातून निघतो. खाली वाकून, डावा पाय लांब टाकून तो चेंडू असा सोडतो, की खड्यांवरूनही तो लोळतच जातो. शिवाय गरज पडली तर राइट हाफलाही तो उभा राहतो.

दोन जागा येणारा माणूस किती मोलाचा, हे पॅरिसला दिसलंच. ब्रिटनविरुद्ध भारताच्या अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं, उरलेला सामना दहा जणांनी खेळून १-१ ठेवला आणि शूटआउटमध्ये ४-२ नं जिंकला. पुढे जर्मनीशी उपांत्य सामना, रोहिदासवर बंदी, सोळाऐवजी पंधराच खेळाडू. २-३ नं गेला तो सामना. यादी छोटी असली की एक माणूस कमी होणं सगळ्यांच्या अंगावर येतं.

अमरावतीवाल्याची बाजू घेणारे मला भारताच्या सिमरनजीतचं उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खणखणीत आहे. टोकियो ऑलिंपिकला तो मूळ सोळात नव्हता, राखीव होता. करोनामुळे राखीव खेळाडूंनाही सामन्यागणिक यादीत घ्यायची मुभा मिळाली, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनी ३-१ नं पुढे असताना जिंकून आणलेल्या त्या ५-४ मध्ये दोन गोल त्याचे होते. बाहेर ठेवलेल्यात असा माणूस असू शकतो, हे मान्यच. पण सिमरनजीत संघासोबत रोज सराव करत होता. आमचा हा गुणी पोट्टा साखळीत कोणाच्या जागी कधी जायचं हेच अजून शिकलेला नाही, आणि ते शिकायला त्याला इथं असायला हवं. त्याला मी फोनवर हेच सांगितलं. तो म्हणाला, "ठीक हाये सर, उन्हाळ्यात येतोच मी." आवाजावरून त्याला लागलंय हे कळत होतं.

जुन्या राइट-इनशी बोलणं जास्त अवघड जाईल असं वाटलं होतं, पण त्यानंच विषय काढला. तो बदल्या सांभाळायला बाहेर बसणार आहे. कोण किती मिनिटं आत आहे हे घड्याळ लावून बघणारा भरवशाचा माणूस लागतोच, आणि या पाचही जणांचा दम त्याच्याइतका कोणाला ठाऊक नाही.

कॅप्टन अजून दहावीतल्याबद्दल राजी नाही. दुसऱ्या गावचे दांडगे बॅक त्याला ढकलून देतील ही त्याची भीती खरी आहे. येत्या रविवारी पूर्ण वेळाचा सामना ठेवलाय, त्यात त्याला एक अख्खा क्वार्टर उजवीकडे खेळवणार आहे, आणि सगळे कॉर्नर त्याच्याच हातचे. सोमवारी अर्ज भरायचा आहे.

तुमच्यापैकी जे मुरमावरच खेळतात त्यांना एक विचारायचं आहे. पुश घ्यायची जागा आणि चेंडू थांबवायची जागा तुम्ही सामन्याआधी पाणी मारून दाबून घेता का? आम्ही आदल्या संध्याकाळी पाणी शिंपून पाहिलं, तर सकाळपर्यंत वरचा थर बसतो, पण दुसऱ्या क्वार्टरपर्यंत परत भुसभुशीत होतो. रोलर आमच्याकडे नाही. कोणी माती कालवून किंवा दुसरं काही करून तेवढा पट्टा टिकवला असेल तर प्रमाणासकट कळवा.