कोब्यातलं मूळ

पुण्यात सहकारनगरमधल्या एका जुन्या बंगल्याचं अंगण मे महिन्यात आम्ही फोडायला घेतलं. काम तसं सरळ होतं. जुना कोबा, म्हणजे काँक्रीटची जमीन, काढायची, राडारोडा उचलायचा, माती तयार करायची आणि पावसाच्या तोंडावर झाडं लावायची. एकूण ६५० चौरस फूट. मधोमध आंब्याचं जुनं झाड, आणि कोबा थेट त्याच्या बुंध्याला भिडलेला. बंगल्यात काकू आणि त्यांचा मुलगा राहतात. काका तीन वर्षांपूर्वी गेले.

अंदाजपत्रक देण्याआधी मी फाटकाजवळ एक खड्डा घेतला. कोबा साडेतीन इंच निघाला. चार धरून हिशेब मांडला: सुमारे २१७ घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). फुटल्यावर माल फुगतो, तेव्हा उचलायला सव्वातीन. वजन पंधरा टनांच्या आसपास. लोकांना वाटतं कोबा काढणं म्हणजे फोडणं. पण फोडण्यापेक्षा वाहून नेण्यात जास्त दम निघतो. अरुंद बोळातून घमेल्याघमेल्यानं पंधरा टन बाहेर काढायचे असतात. दरपत्रकात ‘फोडणे व उचलणे’ अशी एकच ओळ लिहिणाऱ्यांनी एक दिवस ते घमेलं डोक्यावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

फोडण्याचीही एक रीत आहे. नवखा माणूस ब्रेकर, म्हणजे फोडायचं मशीन, मधोमध लावतो. तिथे छिन्नी नुसतं भोक पाडते आणि अडकून बसते, कारण फुटलेल्या तुकड्याला सरकायला जागाच नसते. सुरुवात मोकळ्या कडेपासून करायची. कडेखालची माती आधी टिकावानं ओढून पोकळी करायची, पहार घालून कोबा जरासा उचलून धरायचा आणि मग कडेपासून सात-आठ इंच आत छिन्नी टेकवायची. काँक्रीट दाबाखाली दगडासारखं टिकतं, पण ताणाला त्याची ताकद साधारण दहावा हिस्सा. खालून आधार काढला की ते स्वतःच्याच वजनानं मोडायला तयार असतं. आमचे मिस्त्री मामा हे असं करतात की ब्रेकरचा आवाज चार-पाच सेकंदांच्या वर जात नाही आणि पाटासारखा तुकडा सुटून येतो. तीस वर्षं ते हे काम करताहेत. त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

पहिल्या दिवशी निम्मं अंगण मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी झाडाकडे वळलो आणि कोब्याची जाडी वाढायला लागली. चार इंच, सहा, नऊ, बुंध्याजवळ तर दहा. एक नव्हे, तीन कोबे होते, एकावर एक. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “मुळं फरशी उचलायची हो. दोनदा मी ठेचकाळले. मग हे गवंडी बोलवायचे आणि वरून पुन्हा सपाट करून घ्यायचे.”

मग मी ठरवलं, बुंध्यापासून चार फुटांवर कटरनं गोल खाच मारून घ्यायची, म्हणजे बाहेर ब्रेकर चालला तरी हादरा आत जाणार नाही. कटरवरच्या पोराला मी स्वतः खडूनं रेघ आखून दिली. चार फूट. ही रेघ रोज रात्री माझ्या डोळ्यांसमोर येते.

तेवढ्यात टेम्पो आला आणि मी फाटकाबाहेर गेलो. चालकाचं म्हणणं, वाघोलीला जाणार नाही, लांब पडतं, टेकडीच्या कडेला जागा आहे तिथे टाकतो. महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला, म्हणजे आमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. राडारोड्याचे नियम २०१६ पासून आहेत. पण २०१६ च्या त्या नियमांत राडारोडा वेगवेगळा करून ठेवायचं बंधन प्रामुख्यानं दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन काढणाऱ्या मोठ्या कामांवर होतं. आमच्यासारख्या एका अंगणाचा माल कुठे गेला, हे विचारायला कुणी येत नाही, आणि तो रात्री नदीपात्रात नाहीतर टेकडीच्या उतारावर जातो. मला ते चालत नाही. जास्तीचे पैसे कबूल करेपर्यंत वीस मिनिटं गेली.

आत आलो तर कटर बंद. मामांनी स्वतः जाऊन मशीनची वायर उपटली होती. पोरगं बाजूला पांढरंफटक पडून उभं. चौदा इंची चकती पाच इंच खोल जाते आणि पाणी सोडून चालवतात, त्यामुळे खाचेत काय चाललंय ते दिसत नाही. दिसतो फक्त बाहेर येणारा राखाडी गाळ. तो गाळ तपकिरी झाला होता. पोराला वाटलं, खाली विटा लागल्या. मामांना लांबूनच वास आला. आंब्याच्या चिकाचा वास लपत नाही.

तिथला कोबा आम्ही हातानं काढला. वरच्या आणि मधल्या कोब्याच्या फटीत मूळ होतं. रुंदी माझ्या पंजाएवढी आणि जाडी जेमतेम दोन बोटं. ओल शोधत ते तेवढ्याच फटीत शिरलं होतं आणि वर जागा नाही म्हणून आडवं पसरत गेलं होतं. उलटं करून पाहिलं तर खालच्या अंगावर चौकड्या उमटलेल्या. मधला कोबा ओला असताना गवंड्यानं दोरी मारून ज्या रेघा पाडल्या होत्या, त्यांचा ठसा मुळाच्या सालीवर जसाच्या तसा. मी बोट फिरवून पाहिलं. रेघा लागत होत्या.

ते मूळ आरपार कापलं गेलं होतं.

पोराला मी काही बोललो नाही. त्यानं माझ्या रेघेवरून मशीन चालवलं होतं. बुंध्याचा व्यास वीस इंच. झाड उभं राहायला हवं असेल तर व्यासाच्या किमान तिप्पट अंतराच्या आत जाड मुळाला हात लावायचा नाही, हे मला माहीत आहे. तिप्पट म्हणजे पाच फूट, आणि पायवाटेसारखी दाबलेली जागा असेल तर मी सहा धरतो. त्या दिवशी चार का आखले? मागच्या दोन कामांवर चारच आखले होते, ती झाडं लहान होती. हाताला सवय झाली होती, एवढंच उत्तर मला सापडतं.

पुढचं सगळं छिन्नी-हातोड्यानं केलं. झाडाभोवतीच्या १२० चौरस फुटांना तीन दिवस लागले, बाकीचं सगळं अंगण दोन दिवसांत झालं होतं. तुटलेलं टोक करवतीनं साफ कापलं, त्यावर काही फासलं नाही, ओलं गोणपाट घातलं. उघड्या पडलेल्या बारीक मुळांवर त्याच दिवशी माती आणि कंपोस्ट टाकलं. जाडी जास्त निघाली तिचे पैसे मी लावले नाहीत. बुंध्याजवळ दुसरा खड्डा घेतला असता तर पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं. वास्तुविशारदानं पाठवलेल्या आराखड्यात झाडाखाली लॉन होतं. ते मी रद्द करायला लावलं. आंब्याच्या सावलीत लॉन धरत नाही आणि रोजच्या पाण्यानं मुळं कुजतात. ज्यानं तो आराखडा काढला, तो अंगणात एकदाही आला नव्हता.

दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिला होता. आपल्याकडेही गल्लोगल्ली झाडांच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. ते काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की बुंध्याजवळची जाडी फाटकाजवळ मोजू नका.

काकूंना मी सगळं खरं सांगितलं. त्या बराच वेळ मुळाचा तुकडा हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, “पडेल का हो?” मी सांगितलं की एका मुळावर झाड उभं नसतं, पण हे मूळ पश्चिमेकडचं आहे आणि पावसाळी वारा तिकडूनच येतो.

झाड कलतंय का ते कळावं म्हणून बुंध्यावर सहा फुटांवर खिळा न मारता सुतळी बांधून ओळंबा सोडलाय आणि खाली दगडावर खूण केली आहे. जूनपासून दर रविवारी सकाळी वारा पडलेला असताना जाऊन बघतो. पाच रविवार झाले. चार वेळा टोक खुणेवर होतं. या रविवारी अर्ध्या सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक वाटला, पण सुतळी भिजलेली होती. ती बदलून नायलॉनची बांधली आहे.