काड आणि कोवळं गवत: ऊर्जा मोजताना

प्रबंधासाठी दोन प्रकारच्या वैरणीतली ऊर्जा मोजायची होती. एक गव्हाचं काड, दुसरं फुलोऱ्याआधी कापलेलं कोवळं गवत. दोन्ही ६० अंशांवर वाळवून दळून घेतले. घाईने जास्त तापवलं तर तंतूंचा आकडा फुगतो, म्हणून दोन दिवस थांबले.

आधी बॉम्ब कॅलरीमीटर, म्हणजे बंद भांड्यात नमुना जाळून निघालेली उष्णता मोजणारं यंत्र. किती उष्णता देते ते ठाऊक असलेल्या बेंझोइक आम्लाच्या वडीवर यंत्राचं माप लावून घेतलं, मग वैरणीची जेमतेम एक ग्रॅमची वडी, ३० वातावरण दाबाचा प्राणवायू आणि ठिणगी. काडाचा आकडा आला किलोमागे १८ मेगाज्यूलच्या आसपास. गवताचाही तेवढाच! वड्या अदलाबदल झाल्या की काय म्हणून मी सगळं पुन्हा जाळलं. तेच.

मार्गदर्शक मॅडमनी वही पाहून एवढंच विचारलं, "जळतं ते सगळं पचतं का गं?"

खरंच, बॉम्बमध्ये लिग्निनही, म्हणजे वनस्पतीला ताठर करणारा न पचणारा भागही, छान जळतं, गाईच्या पोटात ते तसंच शेणात येतं. एकूण ऊर्जेतून शेणातली वजा केली की पचनीय ऊर्जा. त्यातून मूत्र आणि मिथेन वजा केले की चयापचयी ऊर्जा. गाईच्या कामाची तीच. पण जनावरांवर पचन-चाचणी करायची तर कित्येक दिवस शेण-मूत्र गोळा करून तोलावं लागतं. म्हणून मी वायू-चाचणी निवडली: गाईच्या कोठीपोटातल्या, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातल्या, रसात वैरण आंबवायची आणि किती वायू सुटतो त्यावरून चयापचयी ऊर्जेचा अंदाज काढायचा. जर्मनीतल्या होहेनहाइमच्या मेंके आणि सहकाऱ्यांनी ती १९७९ साली मांडली.

पहिल्या वेळी कोठीपोटातला रस थंड थर्मासात आणला. प्रमाण म्हणून लावलेल्या, किती वायू देतं ते आधीच ठाऊक असलेल्या वाळल्या गवतानेसुद्धा पुरेसा वायू दिला नाही, तेव्हा ती अख्खी फेरी रद्द केली. वाईट वाटलं, पण ते प्रमाण नसतं तर चुकीचे आकडे मी खरे मानले असते. दुसऱ्यांदा थर्मास गरम पाण्याने आधीच तापवून ठेवला, रस चार पदरी मलमलीतून गाळला, वरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. त्यातले जीवाणू गारव्याला आणि हवेला फार नाजूक असतात.

प्रत्येक काचेच्या सिरिंजमध्ये २०० मिलिग्रॅम वैरण, ३० मिलिलिटर रस-क्षारमिश्रण, तापमान ३९ अंश. तीन-चार तासांतच गवताचे दट्टे वर सरकायला लागले, काडाचे जागचे हलेनात. २४ तासांनी नुसत्या रसाचा वायू वजा केला, प्रथिनं धरून सूत्रात घातलं. किलोमागे चयापचयी ऊर्जा: गवत १० मेगाज्यूलच्या जवळ, काड जेमतेम ६.

वहीत मी दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहिले, १८-१८ आणि १०-६, आणि मॅडमकडे धावले.